बँड त्यानेच उभा केला, पण नाव वापरलं आणि जुने सोबती भडकले : जीन क्लार्कची गोष्ट

ऑगस्ट १९६५. अमेरिकेचा ‘द बर्ड्स’ हा रॉक बँड लंडनच्या विमानतळावर उतरला, तर स्वागताला कोर्टाच्या नोटिसा! झालं असं होतं की, ‘द बर्ड्स’ नावाचा एक इंग्लिश बँडही होता. उच्चार तोच, फक्त अमेरिकन पोरांनी स्पेलिंगमध्ये ‘आय’ऐवजी ‘वाय’ घातला होता. तो दावा काही टिकला नाही. पण पुढे नावाचं हेच भांडण बँडच्या घरात शिरलं आणि त्यात अडकला जीन क्लार्क.

जीनचा जन्म १७ नोव्हेंबर १९४४ चा, मिसुरी राज्यातल्या टिप्टन गावचा. तेरा भावंडांचं घर. १९६३ मध्ये त्याला ‘न्यू क्रिस्टी मिन्स्ट्रेल्स’ या फोक ग्रुपमध्ये काम मिळालं. पण बीटल्सची गाणी कानावर पडली आणि गड्याने चांगलं चाललेलं काम सोडून लॉस एंजेलिस गाठलं. तिथे रॉजर मॅग्विन, डेव्हिड क्रॉस्बी, ख्रिस हिलमन आणि ड्रमर मायकल क्लार्क जमले. आडनावं सारखी वाटली तरी जीन आणि मायकलचं नातं काही नव्हतं.

१९६५ मध्ये त्यांचं ‘मिस्टर टॅम्बुरिन मॅन’ अमेरिका आणि ब्रिटनमध्ये एक नंबरवर गेलं. ते गाणं बॉब डिलनचं होतं. पण सुरुवातीला बँडची स्वतःची बहुतेक गाणी जीननेच लिहिली. साहजिकच रॉयल्टीचे जास्त पैसे त्याच्याकडे यायचे आणि ते बाकीच्यांना खुपायचं. त्याने दोघांसोबत लिहिलेल्या ‘एट माइल्स हाय’ गाण्यावर तर पंडित रविशंकर यांच्या सतारीचा प्रभाव होता.

हे गाणं १९६६ मध्ये आलं आणि त्याच सुमारास जीनने बँड सोडला. कामाचा ताण होताच, त्यात विमानाची प्रचंड भीती. जगभर दौरे करणाऱ्या बँडमध्ये हे चालणार कसं?

पुढे तो एकटा गात राहिला. १९७४ चा ‘नो अदर’ हा अल्बम बनवायला एक लाख डॉलरहून जास्त खर्च आला, पण तो आपटला. दारू आणि ड्रग्जने तब्येतही पोखरली.

मग १९८० च्या दशकात त्याने मायकलला सोबत घेऊन बर्ड्सच्या विसाव्या वर्षानिमित्त मानवंदना म्हणून दौरा काढला. पण कार्यक्रम भरवणारे पोस्टरवर थेट ‘द बर्ड्स’ छापायला लागले. तिकिटं त्याच नावावर खपत होती ना! मॅग्विन, क्रॉस्बी आणि हिलमन यांना हे अजिबात पटलं नाही.

जीन बाजूला झाल्यावरही मायकलने त्याच नावाने शो चालू ठेवले. १९८९ मध्ये तिघे त्याच्याविरोधात कोर्टात गेले, पण कोर्टाने त्याचे शो थांबवायला नकार दिला. अमेरिकेत ट्रेडमार्कचा हक्क बराचसा वापरावर ठरतो. म्हणजे बँड कोणी गाजवला एवढंच बघत नाहीत, आज बाजारात ते नाव कोण वापरतंय हेही बघतात. आणि शो तर मायकलच करत होता.

जानेवारी १९९१ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या सन्मानासाठी हे पाचही जण एकत्र आले. ती शेवटची वेळ ठरली. २४ मे १९९१ रोजी जीन गेला, वय अवघं ४६. १९९३ मध्ये मायकलही गेला. २००२ मध्ये क्रॉस्बीने बर्ड्सच्या नावाचे हक्क पैसे मोजून विकत घेतले.

जो ‘नो अदर’ तेव्हा कोणी विचारला नाही, तो आज जीनचं सर्वात मोठं काम मानला जातो. टिप्टनमधल्या त्याच्या थडग्यावरही त्याच्या नावासोबत तेच दोन शब्द कोरले आहेत. त्या नावावर मात्र कोणी कधी दावा सांगितला नाही.