पोटभर म्हणजे किती?

उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी, तीतून शंभर वजा करावेत आणि उरेल तेवढे किलो वजन ठीक समजावे. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जाणारा हा ठोकताळा आपल्याकडे पुष्कळांना पाठ असतो. बायकांसाठी त्यातून आणखी थोडे वजा करतात. त्याच्याही आधी, १८३०च्या दशकात, बेल्जियमच्या ॲडॉल्फ केतले यांनी वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून पाहिले होते. दवाखान्यात आज ‘बीएमआय’ म्हणून सांगतात तो आकडा हाच. तो १८.५ च्या खाली गेला की माणूस कमी वजनाचा ठरतो. पण बारीक माणूस उपाशी आहे की नुसताच बारीक, हे ठरवायचे कसे? या प्रश्नापाशी आपल्या मराठी मुलखातला एक संख्याशास्त्रज्ञ आयुष्यभर फिरत राहिला. त्यांचे नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये नेमन व पिअर्सन यांच्यासारख्यांच्या सहवासात संख्याशास्त्र शिकले. १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळाली. मायदेशी परतल्यावर काही काळ कलकत्त्याला काढून १९४० पासून ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत होते.

त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने, म्हणजे नजरेनेच बांधत. सुखात्मे यांनी चिठ्ठी टाकल्यासारखे शेत निवडून, त्यात ठरावीक तुकडा आखून, तेवढेच पीक कापून प्रत्यक्ष वजन करण्याची रीत रुजवली. तुकडा फार लहान घेतला तर कडेची ताटे आत ओढली जातात आणि पीक आहे त्याहून जास्त दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यावरून महालनोबिसांसारख्या दिग्गजाशी त्यांचा वाद झाला. रेघ कुठे ओढतो यावर उत्तर बदलते, ही शिकवण त्यांना शेताच्या बांधावरच मिळाली म्हणायची.

पुढची जवळजवळ वीस वर्षे ते रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत होते. जगातली दोन तृतीयांश माणसे भुकेली आहेत, असे तेव्हा सर्रास बोलले जाई. सुखात्मे यांनी १९६१ साली हिशेब मांडला, तो असा, की पोटाला पुरेसे न मिळणारे शेकडा दहा ते पंधरा. अन्न निकस असणारेही धरले तर जवळपास निम्मे. या कामाबद्दल १९६३ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे गाय पदक आणि १९७१ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले.

खरा वाद पेटला तो पुण्याला परतल्यावर. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी २२५० कॅलरी धरून दारिद्र्याची रेषा आखली होती. सुखात्मे यांचे म्हणणे असे, की एकाच उंचीच्या, एकच काम करणाऱ्या दोघांची गरज सारखी नसते. एकाच माणसाचीही ती रोज बदलते आणि शरीर ते सांभाळून घेते. सरासरीलाच रेघ ओढली तर धडधाकट माणसांतलीही निम्मी भुकेली ठरतील. म्हणून रेघ खाली हवी. दांडेकरांनी याला कडाडून विरोध केला. एकाच पुण्यात राहणाऱ्या दोन विद्वानांचा हा वाद १९८०च्या दशकात खूप गाजला.

हा वाद पुस्तकी नव्हता, हे मला चिचगडला कळले. बँकेतल्या नोकरीत मी तिथे होतो तेव्हा गोंदिया जिल्हा झालेला नव्हता. १ मे १९९९ पर्यंत देवरीकडचा हा सारा जंगलमुलूख भंडारा जिल्ह्यात होता. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून शेळ्यांसाठी, बैलजोडीसाठी कर्ज व अनुदान मिळे, ते दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना. १९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी ठरलेल्या २४०० कॅलरींचे रुपये होत, रुपयांची यादी होई आणि यादीतले नाव माझ्या टेबलावर येई. समोर उभी असत ती ठेंगणी, सडपातळ गोंड, हलबी माणसे. आपण त्यांना सहज काटक म्हणतो. त्या एका शब्दात कौतुक किती आणि सोयीस्कर डोळेझाक किती, हे मला आजही नेमके सांगता येणार नाही. खात्यातली शिल्लक खालीवर होणारच. एका दिवसाच्या शिलकीवरून कुणी खातेदाराला दिवाळखोर म्हणत नाही. पण वर्षभर तळालाच असलेले खाते वेगळे.

सुखात्मे यांच्या विचाराचा धागा पुढे नेऊन डेव्हिड सेक्लर यांनी लहान चण हीसुद्धा निरोगी असू शकते, असे मांडले. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी ते खोडून काढले. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने वाढीची नवी मानके काढली. सहा देशांतली, त्यांत दिल्लीतलीही, नीट खायला मिळालेली मुले जवळपास सारखीच उंच होतात असे त्यांत दिसले. म्हणजे ठेंगणेपण हा निव्वळ वंशाचा वारसा नव्हे. या बाबतीत पारडे गोपालन यांच्याकडे झुकले.

पण सुखात्मे यांचे दुसरे सांगणे तितकेच खरे ठरले. पाणी घाण असेल, पोरगे सारखे जुलाबाने आजारी असेल, तर खाल्लेले अंगी लागत नाही; धान्याबरोबर स्वच्छ पाणी, संडास आणि पालेभाजी हवी, हे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आदर्श वजनाचा आकडाही स्थिर नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीय पुरुषाचे प्रमाण वजन ६० वरून ६५ किलो केले, स्त्रीचे ५५ ठेवले. शहरी घरांत आता काळजी उलटी आहे. मधुमेहाच्या भीतीने आपल्या लोकांना बीएमआय २३ च्या वर गेला तरी सावध करतात. तेव्हा काट्यावर जरूर उभे राहावे, शंभर वजा करून पाहावे. मात्र आकडा पाहिल्यावर घरातल्या सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात काय उरते, तेही एकदा पाहावे.