शाळा पोरांकडे नेणाऱ्या ताराबाई

प्राथमिक शाळेत ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हटलं की आज डोळ्यांसमोर टचस्क्रीन येते. बोट लावलं की टाळ्या वाजतात, स्टार मिळतो. पर्यावरण शिक्षण म्हटलं की भिंतीवरचं पोस्टर. पण शिंपले, बिया, खडे आणि पानं हीच शिकण्याची साधनं करणारी एक बाई आपल्याकडे होऊन गेली. ताराबाई मोडक.

जन्म १८९२चा, मुंबईचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले, त्यामुळे घरात मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ला ताराबाई बी.ए. झाल्या. पुढे अमरावतीच्या वकील मोडकांशी लग्न झालं, पण ते टिकलं नाही. १९२१मध्ये त्या वेगळ्या झाल्या. त्या काळात, पदरी लहान मुलगी असताना! राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजचं प्राचार्यपद त्यांनी सांभाळलं. आणि मग ती मानाची नोकरीही सोडली.

कारण होतं भावनगर. तिथं गिजुभाई बधेका छोट्यांसाठी मारहाण नसलेली, खेळातून शिकवणारी शाळा चालवत होते. ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ला नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, ‘शिक्षण पत्रिका’ निघाली. १९३६मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. काम जोरात होतं, पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. माँटेसरीची साधनं महाग. म्हणजे हे शिक्षण शहरातल्या पैसेवाल्यांच्या पोरांपुरतंच राहणार का?

उत्तर शोधायला १९४५मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. बालवाडी उघडली, तर पोरं येईनात. मग ताराबाईंनी साधा हिशोब केला. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा पोरांच्या अंगणात जाईल. तीच अंगणवाडी. वस्तीत जायचं, पोरांना आंघोळ घालायची, खेळायचं, गाणी म्हणायची. विकतच्या साधनांऐवजी आजूबाजूला मिळेल ते. बिया मोजायच्या, शिंपले लहान-मोठे लावायचे, पानांचे आकार ओळखायचे. फुटलं-हरवलं तरी खर्च शून्य, आणि कचरा म्हणाल तर मातीत जाणारा.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथली वारली पोरं गुरं राखायला जायची, म्हणून कुरणशाळा निघाली. शिक्षक थेट कुरणात! मोठी बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून शाळा बुडते, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. १९६२ला ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ला, सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

आता आपल्या आचऱ्याचं बघा. साधारण दर चार वर्षांनी गावपळणीला इथली माणसं गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहतात. पाणी कुठून आणायचं, चूल कशावर पेटवायची, झावळांचं छप्पर कसं करायचं, हे पोरं बघून बघून शिकतात. कुरणशाळा याहून वेगळी काय होती? खाडीतल्या तिवरांत कुर्ल्या कुठं लपतात, हा ‘परिसर अभ्यास’च आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. मग परवा किती वाजता येईल? झालं की गणित.

टॅब नको, असं कुणी म्हणत नाही. टॅबवर कासव बघावंच. पण नंतर पोरांना पुळणीवर न्यायला कुणीतरी हवं ना? गावोगावच्या छोट्या शाळांचा पट घसरतोय. पोर शाळेत का येत नाही, हे विचारायला त्याच्या अंगणापर्यंत चालत जावं लागतं. ते काम कुठलीच स्क्रीन करणार नाही. डी.एड., बी.एड. करणाऱ्या दोस्तांनो, ताराबाईंकडून घ्यायचं असेल तर आधी हे घ्या. शिंपले काय, किनाऱ्यावर पडलेलेच आहेत.