बंद खोलीतील मुले आणि मारिया मॉन्टेसरी

मॉन्टेसरी हे नाव आज शहरांत गल्लोगल्ली पाट्यांवर दिसते. रंगीत ठोकळे, छोट्या खुर्च्या आणि भरमसाट फी, असे चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु या पद्धतीचा उगम रोममधील वेड्यांच्या इस्पितळात झाला, हे फारसे कोणी सांगत नाही.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले या गावी झाला. मुलीने डॉक्टर व्हावे हे त्या समाजाला रुचणारे नव्हते. पुरुषांच्या देखत शवविच्छेदन करणे स्त्रीला अशोभनीय, म्हणून सर्व गेल्यावर त्यांना ते एकटीने करावे लागे! १८९६ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करू लागल्या.

या कामानिमित्त इस्पितळांत हिंडताना त्यांनी एका खोलीत कोंडलेली मुले पाहिली. त्या काळी त्यांना मंदबुद्धी म्हणत. त्यांना शाळा नव्हती, खेळणे नव्हते. खोलीत हाताला लागेल अशी एकही वस्तू नव्हती. जेवण झाले की ही मुले जमिनीवर पडून पावाचे तुकडे गोळा करीत. राखणदार बाईला त्यांची किळस वाटे. मारियाबाईंना मात्र त्यात भूक दिसली नाही. हातांना काहीतरी हवे होते आणि त्या खोलीत पावाच्या तुकड्यांवाचून दुसरे काहीच नव्हते.

इटार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे लेखन त्यांनी अभ्यासले. या मुलांचा प्रश्न औषधाचा कमी आणि शिक्षणाचा अधिक आहे, असे त्यांनी १८९८ मध्ये तुरीनच्या शिक्षक परिषदेत ठामपणे मांडले. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा निघाली. तेथे त्या सकाळपासून रात्रीपर्यंत राबत. लाकडी अक्षरांवरून बोटे फिरवीत मुले लिहू-वाचू लागली आणि त्यांतील काही सरकारी परीक्षा पास झाली. सगळ्यांनी चमत्कार म्हटले. मारियाबाईंना निराळाच प्रश्न पडला : मग शहाण्या मुलांच्या शाळांत असे काय करतात, की तीही एवढीच मजल मारतात?

उत्तर त्यांना बाकांत सापडले. मूल हलूच नये अशी बाके त्या काळी शास्त्रीय म्हणून बनवीत. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले, तेव्हा मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबले आणली.

दांडगाई करणाऱ्या मुलाला त्याही वेगळे बसवीत, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु ते त्याच वर्गाच्या कोपऱ्यात, आरामशीर खुर्चीत, सोबती दिसतील असे तोंड करून. त्याची आवडती खेळणी त्याच्यापुढे असत आणि आजारी माणसासारखी त्याची विचारपूस होई. माझ्या प्राथमिक शाळेत नीट बोलता न येणारा एक मुलगा होता. साहेब तपासणीला आले की त्याला सामानाच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावीत. साहेबांची गाडी गेल्यावरच ती कडी निघे. वेगळे बसवणे आणि कोंडणे यांत केवढे अंतर आहे, हे रोमचा तो कोपरा वाचताना कळते.

१९३९ मध्ये मारियाबाई मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. पुढच्याच वर्षी इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राची नागरिक म्हणून त्यांच्यावर अड्यारच्या आवाराबाहेर जाण्याची बंदी घातली. मुलगा मारिओ काही काळ स्थानबद्धांच्या छावणीत होता. तरीही बाईंनी शिक्षकांचे वर्ग चालूच ठेवले.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी ही पद्धत गरिबाला परवडेल अशी करून घेतली. महागड्या साधनांऐवजी शंख, पाने, खडे वापरले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तर चक्क कुरणात शाळा भरवली. मारियाबाई ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये वारल्या. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.