मखमली आवाज आणि सिगारेट
अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक नॅट किंग कोल यांचा जन्म १९१९चा, अलाबामातला. बालपण शिकागोत गेले. पियानोवादक म्हणून सुरुवात केलेल्या कोल यांचा मखमली आवाज पुढे घराघरांत पोहोचला. सिगारेटमुळे आवाज भारदस्त राहतो, या समजुतीने ते रोज कित्येक पाकिटे ओढत. जानेवारी १९६४ मध्ये सरकारी अहवालाने धूम्रपान हे पुरुषांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे जाहीर केले. वर्षअखेरीस कोल यांना तोच आजार निघाला. डावे फुप्फुस काढले, तरी १५ फेब्रुवारी १९६५ रोजी ४५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे तेथील कृष्णवर्णीय पुरुषांत या आजाराचा मृत्युदर वाढतच गेला, गोऱ्यांपेक्षाही जास्त. सिगारेट सोडणारे वाढले, तसा १९९०नंतर तो झपाट्याने उतरला. दरी अरुंद झाली, पण मिटलेली नाही.