हाटातल्या दुकानदाराची बाजू घेणारे रवीबाबू

आठवडी बाजारात पाल ठोकून बसणाऱ्या माणसाचं भांडवल ते किती? उधारीवर उचललेले चार गठ्ठे, एक तागडी आणि गिऱ्हाइकाची ओळख. एवढ्यावर त्याचा संसार चालतो. एखादा बाजार बुडाला तर सावकार काही थांबत नाही. पण बहिष्काराची हाक आली की पहिला दणका यालाच बसतो, कारण तोच सगळ्यात हाताशी असतो. ही गोष्ट रवींद्रनाथ ठाकुरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखली होती आणि ती बोलून दाखवल्याबद्दल आपल्याच माणसांचा रोषही पत्करला होता.

रवींद्रनाथ आपल्याला ठाऊक आहेत ते 'गीतांजली'चे कवी आणि राष्ट्रगीताचे कर्ते म्हणून. पण खेड्यात मुक्काम ठोकून कुळांचा हिशेब पाहणारा माणूस ही त्यांची दुसरी ओळख शेतकऱ्यांच्या घरात फारशी पोचलेली नाही.

जन्म 7 मे 1861 चा, कलकत्त्यातल्या जोडासांको वाड्यातला. घर गडगंज. थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे पहिले हिंदी आय.सी.एस. अधिकारी. त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली आणि 1897 साली ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. भावाकडे राहायला म्हणून तरुणपणी रवींद्रनाथ कारवारलाही येऊन गेले होते.

नावेवरचा जमीनदार

1890 च्या सुमारास वडिलांनी त्यांच्यावर पूर्व बंगालातल्या जमीनदारीचा कारभार सोपवला. शिलाईदह, शहाजादपूर आणि पतिसर ही तिची ठाणी. आज ही तिन्ही गावं बांगलादेशात आहेत. रवीबाबू पद्मा नदीत नाव घालून महिनोन् महिने तिथेच राहत. कुळं बहुतेक मुसलमान, बाकीची खालच्या मानल्या गेलेल्या जातींची. सारावसुलीच्या पहिल्या दिवशी तिथे 'पुण्याह' नावाचा समारंभ होई. त्यात जातीधर्माप्रमाणे वेगवेगळं बसवायची चाल होती. सगळ्यांना एकत्र बसवल्याशिवाय आपण आसनावर बसणार नाही, असा हट्ट त्यांनी धरला आणि तो तडीस नेला.

धंद्याचा चटकाही त्यांना बसला होता. पुतण्यांना बरोबर घेऊन त्यांनी कुष्टियाला ताग खरेदीचा आणि उसाचे चरक भाड्याने देण्याचा व्यवसाय केला. तो बुडाला आणि डोक्यावर कर्ज झालं. तेव्हा दुकान बसणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

बहिष्काराची हाक

लॉर्ड कर्झनने बंगालचे दोन तुकडे करायचं ठरवलं. 7 ऑगस्ट 1905 रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमधल्या सभेत विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला. 16 ऑक्टोबरला फाळणी अमलात आली. त्या दिवशी रवींद्रनाथ रस्त्यावर उतरले आणि हिंदू-मुसलमानांनी एकमेकांना राखी बांधावी म्हणून हिंडले. त्यांची गाणी मिरवणुकांतून गाजत होती. इकडे लोकमान्य टिळकांनी ही चळवळ महाराष्ट्रात उचलून धरली होती आणि त्याच महिन्यात सावरकरांनी पुण्यात विलायती कापडाची होळी केली होती.

शहरात सारं ठीक चाललं. अडचण झाली ती हाटात. हाट म्हणजे बंगालातला आठवडी बाजार. तिथे गरीब माणूस मँचेस्टरचं कापड आणि लिव्हरपूलचं मीठ घेई, कारण ते स्वस्त पडे. देशी कापड महाग आणि जाडंभरडं. मुंबईच्या गिरण्यांना मागणी पुरी करता येईना, त्यात भाव चढले. मग शहरातून शिकलेली मुलं स्वयंसेवक म्हणून येऊ लागली आणि दुकानांपुढे उभी राहू लागली. कित्येक जमीनदारांच्या नायबांनी आपल्या हाटात विलायती माल बंद केल्याचं फर्मान सोडलं. जो ऐकेना त्याचे गठ्ठे जाळायचे, त्याचा न्हावी-धोबी बंद करायचा.

आता बघा, अडवणारे बहुतेक वरच्या जातीचे हिंदू आणि गठ्ठा जळतो तो पुष्कळ ठिकाणी मुसलमान फेरीवाल्याचा किंवा गरीब नमःशूद्राचा. मँचेस्टरच्या मालकाला त्याचे पैसे आधीच पोचलेले असत. राख झाली ती हाटवाल्याच्या उधारीची. एरवी जो आपल्याला जवळ बसू देत नाही, तो आज देशासाठी पोटावर पाय देतो, हे त्याच्या मनात राहून गेलं. नव्या प्रांतात तुमचं भलं होईल, असं सरकार मुसलमानांना सांगतच होतं. 1907 च्या मार्चात कोमिल्ल्याला दंगल झाली. एप्रिलात मैमनसिंग जिल्ह्यातल्या जमालपूरला जत्रेत विलायती मालाची दुकानं बंद पाडायला स्वयंसेवक गेले आणि तिथेही आग भडकली. बंगाल एक ठेवण्यासाठी काढलेल्या चळवळीने गावागावांत दुफळी माजली.

मित्र दुरावले

पुढाऱ्यांनी सगळा दोष इंग्रजांच्या फोडाफोडीवर टाकला. रवींद्रनाथांनी तसं केलं नाही. भिंतीला आधीच भेग होती म्हणून सरकारला तीत पाचर ठोकता आली, असा त्यांच्या 1907 च्या लेखांचा रोख होता. ज्याच्या सुखदुःखाला आपण कधी गेलो नाही, त्याच्यावर देशाच्या नावाने जुलूम करायचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. ते चळवळीतून बाजूला झाले. मग काय, कच खाल्ली, सरकारला मिळाले, अशी टीका सुरू झाली. 1908 साली पबन्याच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी भाषण केलं ते बंगालीत आणि तरुणांना खेड्यात जाऊन काम करायला सांगितलं.

1916 साली त्यांची 'घरे बाइरे' ही कादंबरी आली. तिच्यातला पंचू हा असाच दारिद्र्याने गांजलेला किरकोळ विक्रेता. जमीनदार त्याला दंड करतो आणि त्याचा विलायती कापडाचा गठ्ठा जाळून टाकतो. 1984 मध्ये सत्यजित राय यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला.

बहिष्कार अगदीच वाया गेला असं नव्हे. देशी गिरण्यांना आणि हातमागाला त्याने हात दिला. 1911 साली फाळणीही रद्द झाली. पण तुटलेली मनं काही जुळली नाहीत.

त्यांची वाट

नुसती टीका करून ते घरी बसले नाहीत. कुळांना सावकारापेक्षा कमी व्याजाने कर्ज मिळावं म्हणून त्यांनी 1905 मध्येच पतिसरला कृषी बँक काढली होती. मुलगा रथींद्रनाथ याला 1906 साली बॅरिस्टर व्हायला न पाठवता अमेरिकेत इलिनॉयला शेतकी शिकायला पाठवलं. 1913 चं नोबेल मिळालं, त्या पैशातली मोठी ठेव त्यांनी पतिसरच्या बँकेत ठेवली. 1922 मध्ये शांतिनिकेतनाजवळ सुरूल इथे श्रीनिकेतन उभं केलं. शेती, विणकाम, आरोग्य अशी कामं तिथे सुरू झाली. 1921 साली गांधीजींशी त्यांचा मतभेद झाला तोही कापडाच्या होळीवरूनच. उघड्या माणसासमोर कापड जाळणं त्यांना पटत नव्हतं. तरी दोघांचा स्नेह तुटला नाही.

त्यांचं सगळंच साधलं असंही नाही. कर्जवसुली थकली, पुढे कर्जनिवारणाचे कायदे आले आणि पतिसरची बँक बुडाली. नोबेलचा पैसाही तिच्याबरोबर गेला. पण 1937 साली ते अखेरचे पतिसरला गेले, तेव्हा निरोप द्यायला म्हातारी मुसलमान कुळं नदीकाठी जमली होती. बँक बुडवली म्हणून कुणी पाठ फिरवली नाही.

7 ऑगस्ट 1941 रोजी रवींद्रनाथ गेले. बहिष्काराच्या ठरावाचीही तारीख तीच. सहा वर्षांनी बंगाल पुन्हा फाटला आणि शिलाईदह, पतिसर परदेशात गेली.

आपल्या गावातही कधी एखाद्या टपरीवर, किराणा दुकानावर बहिष्काराचा ठराव होतो. कारण कधी निवडणुकीचं असतं, कधी जातीचं, कधी दूर कुठे घडलेल्या घटनेचं. ठराव करणाऱ्यांनी हात वर करण्याआधी एवढं पाहावं, की ज्याच्यावर राग आहे त्याला झळ लागणार आहे, की ज्याला आपण उद्या शेजारी म्हणून हाक मारणार आहोत त्याला?