पत्त्यांचा राखणदार : जॉन पोस्टेल

आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन. एक अर्जुनी मोरगाव, दुसरी आमची सडक अर्जुनी. बाबांना लिहिता येत नाही. त्यांच्या एका अर्जावर पत्ता मी लिहिला, तेव्हा मी पाचवीत होते. ‘सडक’ हा शब्द लिहायचा राहिला. उत्तराचा लिफाफा दुसऱ्या अर्जुनीला फिरून आला, तोवर मुदत संपली होती. बाबा रागावले नाहीत, याचेच अधिक वाईट वाटले.

यंदा संगणक कक्षातल्या जुन्या यंत्रावर सरांनी लिनक्स बसविले आणि कक्षापुरते टपाल चालविणारे सॉफ्टवेअर निवडण्याचे काम मला दिले. सेंडमेल, एक्झिम, पोस्टफिक्स अशी तीन नावे पुढे होती. सेंडमेलची मांडणीची फाईल पाहून छातीत धडकीच भरली. पोस्टफिक्सची फाईल मात्र वाचता येण्याजोगी, म्हणून तेच घेतले. नवल वाटले ते निराळेच. तिघांचे कर्ते वेगळे, तरी कोणतेही कोणाशीही बोलते. ही सामाईक बोली १९८२ च्या ऑगस्टमध्ये ८२१ क्रमांकाच्या टिपणात जॉन पोस्टेल यांनी लिहून ठेवली.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियात झाला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत असतानाच ते अर्पानेट या आद्य जाळ्याच्या कामात शिरले. १९६९ पासून अखेरपर्यंत त्यांनी त्या जाळ्याची टिपणे तपासली, छापली आणि कोणता क्रमांक कोणाला दिला याची नोंद ठेवली. लांब दाढी, पायांत साध्या चपला. काम मात्र तलाठ्याच्या वहीसारखे : एक क्रमांक दोघांना जाता कामा नये. टपालाच्या बोलीला २५ क्रमांकाचे दार मिळाले. पुढे देशांची नावेही याच नोंदीत आली. १९८९ मध्ये भारताचे ‘इन’ हे नाव नोंदले गेले. त्याचा कारभार मुंबईची एनसीएसटी ही संस्था पाहत असे.

दुसऱ्याचे थोडे चुकले तरी समजून घ्यावे, आपण मात्र काटेकोर बोलावे, असा त्यांचा दंडक होता. त्या काळी कोणाचेही टपाल कोणीही पुढे धाडी. नंतर फुकट्या जाहिरातवाल्यांनी या भलेपणाचा फायदा घेतला आणि दारे लावावी लागली. मला हे उशिरा कळले. कोणत्या यंत्रांचे टपाल पुढे न्यायचे, ही ओळ मी इतकी सैल लिहिली होती, की कोणीही परका आमच्या यंत्राआडून पत्रे पाठवू शकला असता. सरांनी ती कक्षापुरती आवळली. यात पोस्टेल यांची चूक होती असे मला वाटत नाही. त्यांच्या वेळी जाळ्यावरची माणसे बहुतेक एकमेकांच्या ओळखीची होती.

१६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ५५ व्या वर्षी ते वारले. पोस्टफिक्स लोकांच्या हाती आले ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात. आमच्या यंत्राला मी ‘सडक’ असे नाव दिले. त्याला हाताने ‘हेलो’ लिहिले, पाठविणाऱ्याचे नाव दिले, घेणाऱ्याचे दिले, मजकूर लिहिला आणि शेवटी ओळीवर एकटा ठिपका टाकला. उत्तर आले : २५०. म्हणजे, पत्र घेतले.