एका पेशीपासून निवड करणारे हॅन्सन

नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे शिंदीच्या झाडाला बांधलेल्या मडक्यात रात्रभर गोड रस साचतो आणि ऊन चढेपर्यंत त्याला फेस येतो. त्यात कोणी काही घालत नाही. झाडावरचे, हवेतले आणि जुन्या मडक्यातले यीस्ट आपले काम करते. लातूरच्या बाजारातील द्राक्षे कुस्करून घरी वाईन करू पाहणाऱ्यालाही (कायद्याने परवाना लागतो, हे वेगळे) हाच मार्ग सोपा वाटतो. पण तो पुष्कळदा फसतो. हे कोडे उलगडणारे एमिल क्रिश्चन हॅन्सन आपल्याकडे पाश्चर यांच्या छायेतच राहिले.

हॅन्सन यांचा जन्म ८ मे १८४२ रोजी डेन्मार्कमधील रिबे या गावी, गरिबीत झाला. घरे रंगविण्याचे काम, मग शिकवण्या आणि त्यानंतर उशिराचे विद्यापीठीय शिक्षण, असा त्यांचा प्रवास. १८७६ मध्ये शेणावरील बुरशींवरील निबंधासाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्याच सुमारास एका सहकाऱ्यासह त्यांनी डार्विन यांच्या बीगल जहाजावरील प्रवासवर्णनाचा डॅनिश अनुवादही केला. १८७९ मध्ये ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शरीरक्रिया विभागाचे प्रमुख झाले.

तेथे त्यांनी लिंबाच्या आकाराच्या, टोकदार यीस्टचा माग काढला. ते उन्हाळ्यात पिकल्या फळांवर वाढते, हिवाळा मातीत काढते आणि पुन्हा फळांवर पोहोचते. द्राक्षाच्या सालीवर याच जातीची गर्दी असते. आंबवण्याची सुरुवात ते जोमाने करते. पण चार-पाच टक्के मद्यार्क होताच बहुधा मान टाकते, आणि जाता जाता रसाला उग्र वासही लावून जाते.

१८८३ मध्ये कार्ल्सबर्गची बिअर बिघडली. पाश्चर यांनी अशा बिघाडाचा दोष जिवाणूंना दिला होता. हॅन्सन यांना मात्र यीस्टमध्येच परके यीस्ट मिसळलेले आढळले. त्यांनी यीस्ट इतके पातळ केले की एका थेंबात एखादीच पेशी यावी, आणि त्या एकीपासून वंश वाढवला. अशा चार जातींपैकी एकच उत्तम ठरली. कारखान्याचे मालक जे. सी. याकोब्सेन प्रथम साशंक होते. मात्र १२ नोव्हेंबर १८८३ रोजी तिच्यावर उत्पादन सुरू झाले, आणि ते यीस्ट याकोब्सेन यांनी पेटंट न घेता इतर मद्यनिर्मात्यांनाही मोफत दिले. हे औदार्य आजच्या उद्योगजगतात दुर्मीळच म्हणावे लागेल.

हीच रीत पुढे वाईनसाठी वापरली गेली. निवडलेले वाईन-यीस्ट चौदा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क सहज सोसते आणि तळाशी घट्ट बसते. बेकरीच्या यीस्टनेही मद्य होते. पण ते नीट निवळत नाही, आणि पावाचा वास मागे राहतो. लातूरच्या उन्हाळ्यात तापमान चाळीसच्या पुढे जाते, तेव्हा यीस्ट कोणतेही असो, भांडे थंड जागी ठेवावेच लागते.

हॅन्सन २७ ऑगस्ट १९०९ रोजी निवर्तले. त्यांचे नाव एका यीस्ट-कुळाला मिळाले : हॅन्सेनियास्पोरा. फळांवरचे ते टोकदार यीस्ट याच कुळातले.